पोस्टग्रेस डेटाबेस बॅकअपवरून नव्या मशीनवर हलवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना सर्व्हर कुरकुरायला लागला, ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट संपला किंवा डिस्क भरत आली, की डेटाबेस हलवायची वेळ येते. खालचे प्रश्न लिनक्सवर स्वतः चालवलेल्या पोस्टग्रेसबद्दल (पोस्टग्रेसएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरबद्दल) आहेत. लहान-मध्यम ऑफिसं, पतसंस्था, शाळा, दुकानांची सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्यांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. कमांडची पूर्ण स्पेलिंगं इथे दिलेली नाहीत, ती मॅन्युअलमध्ये मिळतात. कुठे पाय घसरतो ते मात्र मॅन्युअलमध्ये एका जागी सापडत नाही.

डेटा फोल्डर कॉपी करून नव्या मशीनवर टाकला की झालं ना?

सर्व्हर चालू असताना कॉपी केला तर नाही. चालू पोस्टग्रेस सतत फाइलींत लिहीत असतो. बदललेली काही पानं मेमरीतच असतात, काही डिस्कवर गेलेली असतात आणि त्यांचा हिशेब वॉल नावाच्या लॉगमध्ये असतो. कॉपी व्हायला अर्धा तास लागला, तर पहिली फाइल दहा वाजताची आणि शेवटची साडेदहाची. असा फोल्डर कधी सुरूच होत नाही. कधी सुरू होतो आणि पंधरा दिवसांनी एखाद्या टेबलात घोळ दिसतो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तोवर जुनं मशीन पुसलेलं असतं.

सर्व्हर नीट बंद करून कॉपी केला तर चालतं, पण दोन्हीकडे पोस्टग्रेसचं मेजर व्हर्जन (१४, १५ असा मुख्य आकडा) एकच हवं आणि प्रोसेसरची जातही तीच हवी. टेबलस्पेस (डेटा ठेवायच्या जादा जागा) वेगळ्या डिस्कवर ठेवल्या असतील तर मुख्य फोल्डरमध्ये त्यांच्या फक्त लिंक असतात, त्या जागाही वेगळ्या न्याव्या लागतात. आणि वॉलचा फोल्डर 'लॉग तर आहे' म्हणून गाळायचा नाही. पूर्वी त्याचं नाव पीजी_एक्सलॉग होतं. नावात लॉग दिसतो म्हणून जागा मोकळी करायला लोक तो उडवायचे आणि डेटाबेस घालवून बसायचे. म्हणून २०१७ च्या व्हर्जन १० मध्ये नाव बदलून पीजी_वॉल केलं.

मग बॅकअपचे मार्ग किती?

ढोबळ मानाने दोन. पहिला लॉजिकल: पीजी_डंप टेबलांची रचना आणि त्यातला डेटा कमांडच्या रूपात बाहेर काढतो, नव्या मशीनवर त्यावरून सगळं पुन्हा उभं राहतं. दुसरा फिजिकल: पीजी_बेसबॅकअप चालू सर्व्हरच्या फाइली वॉलसकट उचलतो आणि नव्या मशीनवर तशाच्या तशा मांडतो.

लॉजिकलने व्हर्जन बदलता येतं, ऑपरेटिंग सिस्टिम बदलता येते, इंटेलवरून एआरएमवर जाता येतं. फिजिकलने यातलं व्हर्जन आणि प्रोसेसर बदलता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तर एक छुपा खड्डा आहे, तो पुढे सांगितलाय.

माझ्यासाठी कुठला बरा?

डेटाबेस शंभर-दोनशे जीबीच्या आत असेल आणि एक रात्र काम बंद ठेवता येत असेल, तर डोळे मिटून डंप घ्या. वर्षानुवर्षं साठलेली मेलेली जागा त्यात आपोआप गळून पडते, इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) नवे कोरे बनतात, आणि एखादं टेबल आतून खराब झालं असेल तर डंप घेतानाच बहुतेक वेळा ते ओरडतं. डेटा टेराबाइटमध्ये असेल किंवा बंद वेळ मिनिटांत हवा असेल, तर फिजिकल बॅकअप आणि रेप्लिकेशन, म्हणजे जुन्यावरचे बदल सतत नव्यावर नेत राहणं. व्हर्जनही बदलायचंय आणि बंद वेळही नकोय, असं दोन्ही हवं असेल तर लॉजिकल रेप्लिकेशनशिवाय (तेच काम, पण फाइलींऐवजी टेबलांतल्या ओळींच्या पातळीवर) गत्यंतर नाही.

पीजी_डंप जुन्या मशीनवरचा वापरायचा की नव्या?

नव्या व्हर्जनचा. नवा पीजी_डंप जुन्या सर्व्हरशी बोलू शकतो, जुना मात्र आपल्यापेक्षा वरच्या मेजर व्हर्जनचा सर्व्हर पाहिला की सरळ नकार देतो. सोपा उपाय म्हणजे डंपची कमांड नव्या मशीनवरूनच चालवायची आणि जुन्याचा पत्ता द्यायचा. मात्र फार जुनं काही असेल तर आधी बघून घ्या: व्हर्जन १५ पासूनचा पीजी_डंप ९.२ च्या मागचे सर्व्हर घेत नाही.

हा नियम मोडला तर काय होतं याचं जाहीर उदाहरण गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचं आहे. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरकडून रेप्लिकेशन दुरुस्त करताना चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा फोल्डर उडाला. रोजचे डंप होते म्हणून बघायला गेले तर बॅकअपची जागा रिकामी. डेटाबेस ९.६ चा आणि स्क्रिप्ट ९.२ चा पीजी_डंप चालवत होती. तो रोज एरर देऊन थांबत होता, आणि ती एरर कळवणाऱ्या ईमेल पलीकडच्या मेल सर्व्हरने नाकारल्या होत्या. शेवटी सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका डिस्क स्नॅपशॉटवर सगळं निभावलं, मधल्या वेळेतल्या नोंदी गेल्या. कंपनीने हे सगळं स्वतःच सविस्तर जाहीर केलं, म्हणून आपल्याला माहीत आहे. स्क्रिप्ट रोज चालतेय म्हणजे बॅकअप होतोय असं धरून चालू नका. फाइलचा आकार बघा, आणि ती अधूनमधून उघडून बघा.

डंप चालू असताना लोकांचं काम थांबवावं लागतं का?

डंपसाठी नाही. पीजी_डंप सुरुवातीच्या क्षणाचं सुसंगत चित्र धरून ठेवतो आणि तेवढंच बाहेर काढतो. वाचणं-लिहिणं चालू राहतं. फक्त त्या वेळात टेबलाची रचना बदलणारी कमांड देऊ नका. ती डंप संपेपर्यंत अडकते, आणि तिच्या मागे त्या टेबलावरच्या साध्या क्वेऱ्यांचीही रांग लागते.

पण हलवण्यासाठी थांबवावं लागतं. डंप रात्री दहाला सुरू झाला आणि दहा वाजून पाच मिनिटांनी कोणी पावती फाडली, तर ती पावती डंपमध्ये नाही. शेवटचा डंप नोंदी बंद करूनच घ्यायचा.

फॉरमॅट कुठला निवडू?

डिरेक्टरी फॉरमॅट. अनेक टेबलं एकाच वेळी बाहेर काढणं फक्त त्यातच जमतं. एकच फाइल हवी असेल तर कस्टम. तिचा डंप एकेरी होतो, पण रिस्टोअर अनेक जॉब (समांतर कामं) लावून करता येतो. साधी एसक्यूएल फाइल लहानसहान डेटाबेससाठी ठीक आहे, पण त्यातलं एखादंच टेबल काढायचं म्हटलं की संपादकात उघडून शोधत बसावं लागतं. टार फॉरमॅट वापरायचं काही कारण मला आजवर सापडलेलं नाही.

डंपमध्ये काय येत नाही?

खरा प्रश्न हाच, आणि तो सहसा हलवून झाल्यावर विचारला जातो.

पहिली गोष्ट म्हणजे रोल, म्हणजे युजर आणि त्यांचे पासवर्ड. ते एका डेटाबेसचे नसतात, सगळ्या सर्व्हरचे असतात, म्हणून पीजी_डंप त्यांना हात लावत नाही. त्यासाठी पीजी_डंपऑल फक्त 'ग्लोबल्स' मागून वेगळा चालवायचा. एका छोट्या फाइलीत रोल, त्यांची सदस्यत्वं आणि टेबलस्पेसची नावं मिळतात. ही फाइल नव्या मशीनवर आधी चढवायची, डेटा नंतर. आणि ती जपून ठेवायची, कारण तिच्यात पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) असतात.

दुसरी गोष्ट सेटिंगच्या फाइली. कोणाला कुठून शिरू द्यायचं हे सांगणारी पीजी_एचबीए आणि मेमरी वगैरे ठरवणारी मुख्य कॉन्फिगरेशन फाइल, दोन्ही डंपच्या बाहेर. मुख्य फाइल आंधळेपणाने कॉपी करू नका. जुनी आठ जीबी रॅमसाठी लिहिलेली असेल, नव्यात चौसष्ट असेल. शिवाय काही सेटिंगं नव्या व्हर्जनमध्ये उरलेलीच नसतात आणि तेवढ्यावरून सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो. दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून एकेक ओळ बघावी. कंटाळवाणं काम आहे, पण तासाभरात होतं. ॲप दुसऱ्या मशीनवर असेल तर नव्या सर्व्हरला बाहेरून ऐकायला सांगायलाही विसरू नका, मुळात तो फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो.

तिसरी गोष्ट एक्स्टेन्शन, म्हणजे पोस्टग्रेसला वरून जोडलेल्या सोयी. पोस्टजीआयएस (नकाशांचा डेटा हाताळणारं एक्स्टेन्शन) वापरत असाल तर डंपमध्ये 'हे एक्स्टेन्शन तयार कर' एवढी एक ओळ असते. प्रत्यक्ष पॅकेज नव्या मशीनवर आधी बसवलेलं हवं, नाहीतर पहिल्याच मिनिटाला एरर सुरू होतात.

चौथी, आणि सगळ्यांत विसरली जाणारी, म्हणजे डेटाबेसच्या बाहेरचा संसार. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) लावलेली रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट, महिनाअखेरीला व्याज लावणारी दुसरी स्क्रिप्ट, होम फोल्डरमधली पासवर्डची लपलेली फाइल (तिची परवानगी फक्त मालकापुरती नसेल तर पोस्टग्रेस ती वाचतच नाही), फायरवॉलमध्ये ५४३२ पोर्टसाठी उघडलेली वाट. जुन्या मशीनवर प्रत्येक युजरचा क्रॉन उघडून बघा, फक्त रूटचा नाही.

डेटाबेसवरच लावलेली सेटिंगं, म्हणजे अमुक डेटाबेससाठी अमुक टाइमझोन वगैरे, व्हर्जन ११ पासून पीजी_डंपच्या 'क्रिएट' पर्यायासोबत येतात. तो पर्याय दिला नाही तर नाही येत.

युजर आणि पासवर्ड सगळं बरोबर आणलं, तरी लॉगिन होत नाही. का?

पासवर्ड साठवण्याची पद्धत बदलली म्हणून. जुन्या सर्व्हरवर तो एमडी५ हॅश म्हणून साठवलेला असतो. व्हर्जन १४ पासून नवा पासवर्ड मुळात स्क्रॅम या जास्त सुरक्षित पद्धतीने साठवला जातो, आणि नव्या मशीनची पीजी_एचबीए बहुधा स्क्रॅमच मागते. साठवलेला हॅश एमडी५ आणि दारावर मागणी स्क्रॅमची, की बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो.

पीजी_एचबीएमध्ये त्या ओळीवर एमडी५ लिहिलं तर दोन्ही प्रकारचे पासवर्ड चालतात, कारण साठवलेला स्क्रॅम असेल तर सर्व्हर स्वतःहून स्क्रॅमने बोलतो. पहिल्या रात्री हे ठेवा, दुसऱ्या दिवशी एकेका रोलचा पासवर्ड नव्याने सेट करा आणि मग ओळ स्क्रॅमवर न्या. एमडी५ची पद्धत आता मोडीत निघायच्या वाटेवर आहे, तेव्हा तिथेच राहू नका. ॲपचा ड्रायव्हर फार जुना असेल तर त्याला स्क्रॅम कळत नाही, ते मात्र आधी तपासा.

डेटाबेस चाळीस जीबीचा, डंप सहाच जीबीचा. काही राहिलं का?

सहसा नाही. इंडेक्स डंपमध्ये नसतात, ते बनवायची फक्त कमांड असते. मेलेल्या ओळींची जागा येत नाही. वर फाइल दाबलेली असते. आकारावरून निष्कर्ष काढू नका, रिस्टोअर करून मोजा.

फाइल न्यायची कशी?

आर-सिंक, एसएसएचवरून. 'पार्शल' पर्याय दिला असेल तर मध्येच नेट गेलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. दोन्हीकडे शा-२५६ चेकसम (फाइलीतल्या मजकुराचा ठसा) काढून जुळवा. डिरेक्टरी फॉरमॅट असेल तर प्रत्येक फाइलची. पेन ड्राइव्ह किंवा घरच्या क्लाउड खात्यावरून नेणारे लोकही पाहिलेत. त्या फाइलीत गावातल्या प्रत्येक खातेदाराचा पॅन, आधार आणि शिल्लक असते, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

रिस्टोअर चारचार तास चालतो. वेग वाढवता येईल का?

येतो. आधी एकच जॉब चालू नाही ना ते बघा. पीजी_रिस्टोअरला प्रोसेसरच्या कोअरइतके जॉब द्या. डेटा भरण्यापेक्षा इंडेक्स बांधायला आणि फॉरेन की (टेबलांमधले दुवे) तपासायला जास्त वेळ जातो, आणि तिथे मेंटेनन्ससाठीची मेमरी कामी येते. मुळात ती फक्त ६४ एमबी असते. रिस्टोअरपुरती एक-दोन जीबी करा, पण जॉबच्या संख्येने गुणून रॅममध्ये बसते ना ते बघा. वॉलची कमाल मर्यादा मुळात १ जीबी असते, ती वाढवली की चेकपॉइंट (मेमरीतली बदललेली पानं डिस्कवर उतरवणं) कमी होतात आणि डिस्कला दम खाता येतो.

एफसिंक (लिहिलेलं खरोखर डिस्कवर गेल्याची खात्री करणारं सेटिंग) बंद करायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. वेग वाढतो हे खरं. पण नंतर चालू करायला विसरलात तर पहिल्याच वीज जाण्याला डेटाबेस गेला. वरच्या उपायांनी भागत असताना मी त्या वाटेला जात नाही.

किती झालं हे बघायला व्हर्जन १२ पासून इंडेक्सची आणि १४ पासून डेटा भरण्याची प्रगती दाखवणारे व्ह्यू आहेत. दुसऱ्या टर्मिनलवर ते उघडून ठेवा, म्हणजे 'अडकलं की चाललंय' या विचाराने कंट्रोल-सी दाबायची इच्छा होत नाही.

मध्ये काही एरर आल्या, पण रिस्टोअर शेवटपर्यंत गेला. चालेल ना?

प्रत्येक एरर वाचल्याशिवाय नाही. पीजी_रिस्टोअर मुळात एरर आली तरी पुढे जातो आणि शेवटी 'इतक्या एररकडे दुर्लक्ष केलं' असं सांगतो. साधी एसक्यूएल फाइल चढवणारा पीएसक्यूएलही तसाच. त्यातली एखादी एरर निरुपद्रवी असते, 'हा स्कीमा आधीच आहे' अशी. पण 'हा रोल नाही' अशी दिसली, तर सगळ्या टेबलांची मालकी रिस्टोअर करणाऱ्या युजरकडे गेलेली असते आणि सकाळी ॲप 'परवानगी नाही' म्हणून बसतं. फॉरेन की लागली नाही अशी एरर असेल तर डेटातच अनाथ ओळी आहेत.

पहिल्या एररला थांबण्याचा पर्याय दोन्हीकडे आहे, तो लावा. आउटपुट फाइलीत साठवा. रंगीत तालमीत एकही एरर न येता रिस्टोअर झाला, तरच खऱ्या रात्रीची तारीख ठरवा.

मराठी मजकुराचं काय? नावांऐवजी प्रश्नचिन्हं येतील का?

दोन्हीकडे एन्कोडिंग यूटीएफ-८ असेल तर काही होत नाही. गोंधळ होतो तो जुना डेटाबेस एसक्यूएल-अस्की असेल तेव्हा. जुन्या काळी लोकेल (भाषेचं सेटिंग) 'सी' ठेवून क्लस्टर (एका सर्व्हरवरच्या डेटाबेसांचा संच) बनवला असेल तर तो तसा असू शकतो. अशा डेटाबेसला अक्षरं कळत नाहीत, फक्त बाइट कळतात. 'कावळे' हे आडनाव घेऊन त्याची लांबी विचारा: यूटीएफ-८ डेटाबेस ५ सांगेल, एसक्यूएल-अस्की १५. प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट, म्हणून पंधरा. बहुतेक मजकूर खरा यूटीएफ-८ असतो, पण मधूनच एखाद्या जुन्या विंडोज प्रोग्रॅमने भरलेले वेगळे बाइट निघतात आणि नवा डेटाबेस 'बाइटचा क्रम अवैध' म्हणून रिस्टोअर थांबवतो. त्या ओळी जुन्या मशीनवरच शोधून दुरुस्त कराव्या लागतात. नवाही एसक्यूएल-अस्की करून सुटका करून घेऊ नका, ते दुखणं पुढच्याच्या गळ्यात बांधणं झालं.

युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डेटाबेसच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरांची विचित्र जुळणी असते. तो तसाच्या तसा जाईल आणि तसाच विचित्र दिसेल. त्याचं रूपांतर हे वेगळं काम आहे, हलवण्याच्या रात्री त्यात शिरू नका.

दुसरा मुद्दा अकारविल्हे क्रमाचा. लोकेल 'सी' असेल तर क्रम युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे लागतो, आणि युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी बसवलाय. त्यामुळे यादीत काळे आधी आणि कावळे नंतर येतात. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर, म्हणजे कावळे आधी हवेत. जुन्या मशीनवर एक क्रम आणि नव्यावर दुसरा, असं झालं की सभासदांच्या छापील यादीवरून फोन येतात. नवा डेटाबेस बनवताना कोलेशन (क्रमाचे नियम) ठरवून द्या. मराठीसाठी आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं कोलेशन वापरता येतं, व्हर्जन १५ पासून अख्ख्या डेटाबेसला. आणि जुनंच लोकेल ठेवायचं असेल तर ते नव्या लिनक्सवर आधी तयार करून घ्या, नाहीतर डेटाबेस बनतच नाही.

फिजिकल बॅकअपने हलवलं, सुरूही झालं. पण काही नावं शोधून सापडत नाहीत, यादीत मात्र दिसतात.

हाच तो छुपा खड्डा. मजकुराचा क्रम पोस्टग्रेस बहुधा लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीला विचारतो. २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने हे क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेबियन ९ वरून १० वर, रेडहॅट किंवा सेंटओएस ७ वरून ८ वर, उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर गेलात की ही सीमा ओलांडली. इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला, शोधणारा नव्या क्रमाने शोधतोय. ओळ टेबलात आहे, पण इंडेक्समधून जाताना चुकीच्या वळणावर जातो आणि 'नाही' म्हणून परत येतो. युनिक इंडेक्सचं तर आणखी अवघड, दुसऱ्यांदा तीच नोंद आत घेतो.

पडताळायला दोन्ही मशीनवर इंग्रजी अंकांतले '११' आणि '१-१' इंग्रजी यूटीएफ-८ लोकेलमध्ये सॉर्ट करा. जुन्या जीलिबसीवर ११ आधी येतो, नव्यावर १-१. निकाल वेगळा आला, तर मजकुरावरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा, लोकांना आत सोडण्याआधी. उशिरा कळलं तर युनिक इंडेक्स पुन्हा बांधताना दुबार नोंदी आडव्या येतात, आणि त्यातली खरी कुठली हे माणसानेच ठरवावं लागतं. डंपने आलेल्यांना हा त्रास नाही, त्यांचे इंडेक्स नव्या मशीनवरच बांधलेले असतात.

नव्या नोंदींची वेळ साडेपाच तास मागे पडते.

जुन्या मशीनचा टाइमझोन कोलकाता, नव्याचा यूटीसी. क्लाउडवरची मशीनं मुळात यूटीसीवरच येतात आणि पोस्टग्रेस बसताना तोच टाइमझोन उचलतो. कॉलमचा प्रकार टाइमझोनविना असेल आणि ॲप स्वतःचा टाइमझोन सांगत नसेल, तर दुपारी दोन वाजून दहा मिनिटांची पावती सकाळी आठ चाळीसची दिसते. त्याहून वाईट म्हणजे मध्यरात्र ते पहाटे साडेपाचमधल्या नोंदींना आदल्या दिवसाची तारीख पडते. रात्रीची व्याज लावणारी स्क्रिप्ट नेमकी त्याच वेळात चालते. लोकांना आत सोडण्याआधी नव्या डेटाबेसला आत्ताची वेळ विचारा, घड्याळाशी ताडा.

नवं मशीन दुप्पट ताकदीचं, तरी सगळं हळू का?

ॲनलाइझ चालवलं नाही म्हणून. कुठल्या टेबलात किती आणि कशा ओळी आहेत याची आकडेवारी नेहमीच्या डंपमधून येत नाही, आणि तिच्याशिवाय पोस्टग्रेस क्वेरीचा रस्ता अंदाजाने निवडतो. रिस्टोअर संपताच व्हॅक्यूमडीबीने सगळ्या डेटाबेसचं ॲनलाइझ करा. ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसची आपोआप चालणारी देखभाल) यथावकाश करेलच, पण सकाळी दहाची गर्दी त्याच्यासाठी थांबत नाही. शेअर्ड बफर्स (डेटासाठी पोस्टग्रेसने राखलेली मेमरी) मुळात १२८ एमबी असतात, तेही बघा. रॅमच्या पाव हिश्शापासून सुरुवात करायची रीत आहे.

सगळं आलं की नाही, कसं तपासायचं?

ओळींची संख्या ही सुरुवात. प्रत्येक टेबलाची दोन्हीकडे मोजून फाइली डिफ करा. पोस्टग्रेसच्या आकडेवारीतला अंदाज घेऊ नका, खरी मोजणी करा. मग पैशांच्या कॉलमची वर्षवार बेरीज. शेवटची पावती क्रमांक आणि तारखेसह. प्रत्येक सिक्वेन्सचा (ओळीला पुढचा आयडी देणाऱ्या मोजणीचा) चालू आकडा त्या टेबलातल्या सगळ्यांत मोठ्या आयडीपेक्षा मागे नाही ना. हे चुकलं तर पहिलीच नवी नोंद 'हा आयडी आधीच आहे' म्हणून फेकली जाते.

आणि मग डेटाबेसच्या माणसाला नव्हे, हिशेबाच्या माणसाला बसवा. गेल्या मार्चचा ताळेबंद दोन्ही मशीनवरून छापायचा आणि शेजारी ठेवायचा. स्क्रिप्टला न दिसणारं बरंच काही अकाउंटंटच्या नजरेला दिसतं.

प्रत्यक्ष रात्रीचा क्रम कसा ठेवायचा?

डीएनएसने पत्ता बदलणार असाल तर त्याचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) दोन-तीन दिवस आधी कमी करून ठेवा. रात्री आधी ॲप बंद, मग क्रॉन बंद, मग जुन्या डेटाबेसचा दरवाजा: पीजी_एचबीएमध्ये तुमच्याशिवाय सगळ्यांना मनाई आणि उरलेली कनेक्शनं तोडायची. डेटाबेस 'फक्त वाचण्यासाठी' करायचं सेटिंग आहे, पण ते कोणतंही सेशन स्वतःसाठी उलटवू शकतं, तेव्हा केवळ त्याच्यावर विसंबू नका. मग शेवटचा डंप, नेणं, रिस्टोअर, ॲनलाइझ, तपासणी, आणि ॲपचा पत्ता बदलणं. प्रत्येक टप्प्याला तालमीत किती वेळ लागला ते कागदावर लिहून ठेवा, आणि 'इतके वाजेपर्यंत तपासणी पूर्ण नाही झाली तर जुन्यावर परत' अशी वेळ आधीच ठरवा. पहाटे तीनला, डोळे चुरचुरत असताना हा निर्णय चांगला होत नाही.

बंद वेळ पाच मिनिटांच्या वर चालणार नाही.

मग बॅकअप फक्त सुरुवात करून देतो. पीजी_बेसबॅकअपने नवं मशीन स्टँडबाय म्हणून उभं करा, ते वॉल ओढत जुन्याच्या मागोमाग चालत राहील. ठरल्या वेळी जुन्यावर लिहिणं थांबवा, नवं बरोबरीला आलं की प्रमोट करा, म्हणजे त्याला मुख्य सर्व्हर बनवा. व्हर्जन मात्र तेच राहतं. व्हर्जनही बदलायचं तर लॉजिकल रेप्लिकेशन, व्हर्जन १० पासून आतच आहे. त्यात टेबलाच्या रचनेतले बदल पलीकडे जात नाहीत, सिक्वेन्सचे आकडे जात नाहीत, आणि प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) नसलेलं टेबल त्रास देतं. नव्यावर वळायच्या क्षणी सिक्वेन्स हाताने पुढे ढकलायची स्क्रिप्ट तयार ठेवा.

दुसऱ्या दिवशी परत जुन्यावर जायचं ठरलं तर?

नव्यावर एकही नोंद झाली नसेल तर सरळ आहे, पत्ता उलटा फिरवा. नोंदी झाल्या असतील तर त्या सोडाव्या लागतात किंवा हाताने पुन्हा भराव्या लागतात. नव्या व्हर्जनचा डंप जुन्यावर चढेलच याची हमी पोस्टग्रेस देत नाही.

क्लाउडच्या तयार डेटाबेस सेवेत जातोय. काही वेगळं?

तिथे सुपरयुजर मिळत नाही आणि फाइलींपर्यंत पोचता येत नाही. म्हणजे फिजिकल मार्ग बाद, डंप किंवा लॉजिकल रेप्लिकेशन उरतं. मालकीच्या ओळी वगळून रिस्टोअर करावा लागतो आणि तुमची एक्स्टेन्शन त्यांच्या यादीत आहेत का ते पैसे भरण्याआधी बघायचं. परत बाहेर पडतानाही हेच दोन मार्ग असतात.

हेच मायएसक्यूएलला लागू होतं का?

विचार तोच, खड्डे वेगळे. मायएसक्यूएलडंपला 'सिंगल ट्रान्झॅक्शन' सांगितलं तर सुसंगत चित्र मिळतं, पण ते इनोडीबी प्रकारच्या टेबलांपुरतं. जुन्या मायआयसॅम प्रकारची टेबलं असतील तर लिहिणं थांबवा. ट्रिगर आपोआप येतात, स्टोअर्ड प्रोसिजर आणि इव्हेंट वेगळे मागावे लागतात.

जुनं मशीन कधी पुसायचं?

एक महिनाअखेर आणि शक्य असेल तर एक तिमाही नव्यावर निभावल्यावर. तोवर जुन्यावरचा पोस्टग्रेस बंद ठेवा आणि मशीन सुरू होताना आपोआप उठणार नाही असं करा. नुसता बंद केला आणि वीज जाऊन आली तर तो पुन्हा जागा होतो, आणि पत्ता न बदललेलं एखादं कोपऱ्यातलं कॉम्प्युटर गुपचूप त्याच्यात नोंदी करत बसतं. असं कोण उरलंय हे शोधायला बंद करण्याच्या आधीचे काही दिवस कनेक्शनचा लॉग चालू ठेवा आणि त्यातले आयपी पत्ते एकेक करून ओळखा. आणि नव्या मशीनचा स्वतःचा रोजचा बॅकअप सुरू होऊन, तो तिसऱ्याच एखाद्या मशीनवर रिस्टोअर करून बघितलेला असल्याशिवाय जुन्याची डिस्क कोणाला देऊ नका.